बोक्याची गाजरं

माझ्या मामाला थिएटरात सगळे बोका म्हणायचे. अगदी तोंडावर. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. उलट कोणी नवखा संकोचाने "काका" म्हणाला, की तोच सांगायचा, "बोका म्हण. अंधारात दिसतं मला." एकतीस वर्षं तो एकाच थिएटरात डोअरकीपर होता. तिकिटाचा अर्धा तुकडा फाडून घ्यायचा आणि उशिरा आलेल्या माणसाला काळोखातून त्याच्या खुर्चीपर्यंत नेऊन बसवायचं, एवढंच काम. "एवढंच" हा शब्द मामासमोर उच्चारायची सोय नव्हती, म्हणून इथे लिहून घेते.

बाकीचे डोअरकीपर बॅटरी मारायचे. मामाची बॅटरी खिशातून क्वचितच बाहेर यायची. त्याचं म्हणणं असं, की एका माणसाला वाट दाखवायला बॅटरी मारली की बसलेल्या पन्नास जणांचा सिनेमा मोडतो. त्याची रीत वेगळी. उन्हातून आलेल्या माणसाला काळ्या पडद्याच्या आत घ्यायचं, कोपराला धरायचं आणि "चला" म्हणून निघायचं. माणूस आंधळ्यासारखा त्याच्यामागून चालायचा आणि खुर्चीत बसल्यावरच त्याच्या लक्षात यायचं, की आपण सतरा पायऱ्या उतरलो.

ह्यात एक युक्ती होती. लॉबीत लख्ख उजेड असायचा, कारण रस्त्याच्या बाजूला सगळी काचच होती. उजेडात उभं राहून एकदम आत गेलं तर कोणालाही दिसत नाही, मग बोक्याला कसं दिसावं? म्हणून शो सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं मामा लॉबीत उजवा डोळा मिटून उभा राहायचा. मिटलेल्या डोळ्याला काळोखाची सवय झालेली असायची. पडद्याच्या आत पाऊल टाकलं की तो उघडायचा, आणि काम सुरू. तिकीटखिडकीतली बाई त्याला चिडवायची, "एवढ्या वर्षांत किती बायकांना डोळा मारलात, मोजलंय का?" मामी कधी डबा घेऊन आलेली असली तर तीच उत्तर द्यायची, "मारू दे गं. एकीने तरी परत मारलाय का, ते विचार."

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढते. मामा मला सुईवाली म्हणतो. ही गोष्ट त्याची असली तरी तिच्यातली एक चूक माझी आहे, आणि ती मी लपवणार नाही. लपवाछपवीने ह्या गोष्टीत काय घोळ केलाय, ते पुढे येईलच.

तीन वर्षांपूर्वी मामाच्या पित्ताशयात खडे झाले. ऑपरेशन करून पिशवी काढली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, महिनाभर तेलकट जरा जपून. मामाने "महिनाभर" आणि "जरा" हे दोन शब्द सोडून बाकी सगळं ऐकलं. तेल बंद, लोणी बंद. दुधावरची साय काढायची, मग उरलेलं दूध पुन्हा गाळायचं. अंडं उकडलं तर पांढरं त्याच्या ताटात आणि पिवळं मामीच्या. भाजी पाण्यात शिजवून मीठ टाकायचं की झालं. मामी वैतागून म्हणायची, "अहो, डॉक्टरांनी तेल जपून खा म्हटलं होतं. तेलाशी काडीमोड घ्या नव्हतं म्हटलं." पण मामाने एकदा ठरवलं की ठरवलं. वजन उतरलं, पँट सैल झाली. तो आरशासमोर उभा राहून स्वतःवर खूश व्हायचा.

असं कोरडं खाऊन पोट साफ होईना. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने एक बाटली दिली, आठवडाभर घ्या म्हणाला. गाडी रुळावर आली, आणि मामाने तो विषय घरात कधी काढला नाही. पुरुष माणूस पित्ताच्या खड्यांबद्दल चारचौघांत तासभर बोलेल, पण ह्या विषयावर मिठाची गुळणी धरेल.

आणि गाजरं. धंदा डोळ्यांचा, म्हणून गाजरं पाहिजेतच. रोज अर्धा किलो, कच्ची, सालासकट. थिएटरात कागदाच्या पुडीत घेऊन जायचा आणि दोन शोंच्या मध्ये कडाकडा चावायचा. मामी म्हणायची, "गाजराची पुंगी वाजली तर वाजली. पण ह्यांची वाजतही नाही आणि मोडून खायचंही संपत नाही."

वर्षभरापूर्वी मामीचा मला फोन आला. "जरा येऊन जा. हे हल्ली दिवेलागणीला चपला शोधायला भिंत चाचपतात. विचारलं तर अंगावर येतात." मी गेले. मामा म्हणाला, "दिवा मंद आहे घरातला. मोठा लावा." मी म्हटलं, वादच नको, रक्त तपासू. ए जीवनसत्त्व कमी झालं तर अंधुक उजेडात दिसेनासं होतं, हे मला ठाऊक होतं. त्याचं रक्त घेतलं, नळीला चंदेरी कागद गुंडाळला, कारण हे जीवनसत्त्व उजेडात नासतं आणि उघडी नळी खिडकीपाशी राहिली की आकडा खोटा येतो. चार दिवसांनी रिपोर्ट आला. आकडा खालच्या रेषेच्या जेमतेम वर होता. पण वरच होता. मी डॉक्टरांना न विचारता मामाला सांगून टाकलं, "ठणठणीत आहेस."

मामाने तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. वर्षभर मामीने काही बोलायला तोंड उघडलं, की तो कागद बाहेर यायचा. तिला गप्प बसवायचं हत्यार मीच त्याच्या हातात दिलं होतं.

ह्या वर्षात त्याचं काय चाललं होतं, ते नंतर कळलं. मिटलेला उजवा डोळा उघडला तरी आत काळोखच असायचा. आधी वाटायचं, आज डोळा नीट मिटला नसेल. मग दोन्ही डोळे मिटून बघितले. मग तो पायऱ्या मोजायला लागला. बाल्कनीच्या दारापासून सतरा, आठव्या पायरीनंतर चार पावलं सपाट, पुन्हा नऊ. एकतीस वर्षं डोळ्यांनी केलेलं काम तो पायांनी करायला लागला, आणि ते इतकं बेमालूम केलं, की सोबतच्या एकालाही पत्ता लागला नाही. मला त्याचा राग येतो, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटतो.

मग महिन्याच्या तीन तारखेला, शुक्रवारच्या मॅटिनीला, बाई पडल्या.

बाई म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. वय सत्तरीच्या पुढे. वीस वर्षं दर शुक्रवारी नवा सिनेमा, मॅटिनीचा शो, कडेची खुर्ची. जाहिराती आवडत नाहीत म्हणून मुद्दाम उशिरा यायच्या, त्यामुळे त्यांना नेऊन बसवणं हे मामाचं ठरलेलं काम. त्या दिवशी आठव्या पायरीनंतर त्या पडल्या. उजवं मनगट मोडलं. सिनेमा थांबवून दिवे लावावे लागले. थिएटरच्या इतिहासात पहिल्यांदाच.

मालक तरुण आहेत. वडिलांनंतर थिएटर त्यांच्याकडे आलं. त्यांनी मामाला बोलावून विचारलं, काय झालं? मामाने सांगितलं, "बाई माझ्या पुढे झाल्या. मी म्हणत होतो थांबा, त्यांनी ऐकलं नाही." मालक बाईंना भेटायला गेले, तेव्हा बाई म्हणाल्या, "वय झालं, पडले." विषय मिटायला हवा होता. पण मालक हुशार. ते म्हणाले, "काका, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण हॉलमध्ये काम करणाऱ्या सगळ्यांनी महिनाअखेर डोळ्यांचं सर्टिफिकेट आणायचं. ज्याचं येणार नाही, त्याने बाहेर गाड्यांच्या स्टँडवर बसायचं. पगार तोच."

पगार तोच, ह्याचं मामाला काडीचं समाधान नव्हतं. घरी येऊन तो जेवला नाही. "स्टँडवर," तो दोनदा म्हणाला. "उन्हात. बोका उन्हात बसणार." मग मामीकडे न बघता म्हणाला, "सुईवालीला फोन लाव."

मी त्याला आमच्या हॉस्पिटलातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढी ओळ मामाने घडाघडा वाचली. वर "छापणाऱ्याचं नाव पण वाचू का?" असंही विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी खोलीतले दिवे घालवले, दाराला पडदा ओढला आणि कोपऱ्यात एक मिणमिणता दिवा ठेवला. पाच मिनिटं गेली. माझ्या डोळ्यांना टेबल दिसायला लागलं, खुर्ची दिसायला लागली, डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पांढरं कार्डही दिसलं.

"कार्डावर किती रेघा आहेत?" त्यांनी विचारलं.

"कार्ड कुठाय?" मामा म्हणाला.

दहा मिनिटांनीही तेच. मी त्याच्या शेजारी उभी होते. कार्ड त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर होतं आणि तो भलतीकडेच बघत होता. मला भडभडून आलं. वर्षभरापूर्वीचं ते "ठणठणीत" कानात वाजायला लागलं.

दिवे लागल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्याला रातांधळेपणा म्हणतात."

"रातांधळेपणा?" मामा उसळला. "अहो, मला दुपारी बाराच्या शोला दिसत नाही!"

रक्त मीच काढलं. मामाचा हात उताणा धरला, पट्टा आवळला, शीर शोधायला वाकले, आणि नजर तळहातावर गेली. गोरा, फिकट तळहात. मी सुई घ्यायची सोडून त्याचा दुसरा हातही उलटा करून बघितला. तोही तसाच.

माझ्या टेबलावर रोज साठ-सत्तर हात येतात. माणूस काय खातो, काय काम करतो, हे हात सांगतात. रोज भरपूर गाजरं खाणाऱ्याचे तळहात पिवळट होतात. त्यात काही वाईट नसतं, गाजराचा रंग अंगात मुरलेला असतो इतकंच. इथे अर्धा किलो रोज, तीन वर्षं, आणि तळहातावर पिवळेपणाचा लवलेश नाही.

"मामा," मी म्हटलं, "तुझी गाजरं तुझ्या अंगी लागतच नाहीयेत. तोंडातून आत जातात, पण अंगात शिरत नाहीत. जेवताना अजून काय घेतोस?"

"काही नाही."

"मामा."

"काही नाही म्हटलं ना!"

"सुई माझ्या हातात आहे," मी म्हटलं. "नीट आठव."

मग त्याने सांगितलं. औषधवाल्याची ती बाटली. आठवडाभरासाठी दिलेली, तो तीन वर्षं घेत होता. औषधवाल्याने सांगितलं होतं, झोपताना दोन चमचे. पण गुण आला म्हणून मामाने दोन्ही जेवणांआधी सुरू केलं, आणि गाजरांच्या आधी एक चमचा वेगळा, कारण गाजरं जड पडतात. संध्याकाळी मी घरी जाऊन ती बाटली बघितली. पाण्यासारखं पारदर्शक तेल, ना वास ना चव. लिक्विड पॅराफिन. मी ती बाटली मामीच्या देखत टेबलावर ठेवली, मामाला समोर बसवलं, आणि डॉक्टरीणबाईंनी मला जे समजावलं होतं ते त्याच्या भाषेत सांगितलं.

"गाजरात जो रंग असतो, त्याचं पोटात ए जीवनसत्त्व होतं. अंड्याच्या बलकात, सायीत, लोण्यात ते तयारच असतं. तू ते सगळं सोडलंस. असो. उरलं गाजर. आता ह्या जीवनसत्त्वाचं पाण्याशी पटत नाही, तेलाशी पटतं. जेवणात थोडं तेल असलं की ते त्यात विरघळतं. पित्त येऊन त्या तेलाचे बारीक बारीक थेंब करतं, आणि लहान आतड्याची भिंत ते थेंब आत ओढून घेते. तेलच नसेल तर गाजर आलं काय आणि गेलं काय, सारखंच."

"पण हे तेलच की," मामा बाटलीकडे बोट दाखवून म्हणाला.

"हे तेल पचत नाही. आत जातं तसंच बाहेर येतं. गाजरातलं जे काही सुटलं, ते ह्या तेलात विरघळलं आणि ह्याच्याबरोबर निघून गेलं. आत नेणारं तेल तू बंद केलंस आणि बाहेर नेणारं सुरू केलंस. आणि गाजरं जड पडतात म्हणून हे आणखी वाढवलंस."

मामाने बाटली उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाला, "म्हणजे मी पुढच्या दारात तिकीट फाडून माणूस आत घेतोय, आणि हा मागचं दार उघडून त्याला रस्त्यावर सोडतोय."

"तेच."

"आणि तीन वर्षं हॉल रिकामा."

"लगेच नाही रे. तेच तर सांगायचंय." आणि मग मी माझी चूक सांगितली. आतड्यातून आत आलेलं जीवनसत्त्व आधी अंगातल्या दुधाळ नळ्यांमधून वर चढतं, मग रक्तात उतरतं, आणि यकृत ते उचलून साठवून ठेवतं. व्यवस्थित खाणाऱ्या माणसाच्या यकृतात महिनोन्महिने पुरेल इतका साठा असतो. यकृत त्यातून रोज लागेल तेवढंच रक्तात सोडतं, तेही प्रथिनाच्या सोबतीने, एकटं नाही. डोळ्याच्या पडद्याला अंधुक उजेडात बघायला ते लागतं. "गच्चीवरच्या टाकीसारखं आहे. टाकी भरलेली असो की तळाला गेलेली असो, खालच्या नळाला पाणी येतच राहतं. मी वर्षापूर्वी तुझं रक्त तपासलं म्हणजे नळ उघडून बघितला. पाणी आलं. मी म्हटलं, टाकी भरलेली आहे. वर चढून कोण बघणार? मी नाही बघितलं. डॉक्टरांना विचारलंही नाही. तो कागद फाडून टाक, मामा. चूक झाली माझी."

त्याने खिशातून पाकीट काढलं, कागदाची चौकोनी घडी केली आणि फाडला. अर्धा तुकडा माझ्या हातात दिला. एकतीस वर्षांची सवय, हातालाही कळत नाही. मामी मात्र हसली नाही. "माझं कोणी ऐकतं का ह्या घरात?" ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, भिंत चाचपतात. मला कागद दाखवला. भिंत कागद वाचते का?" आम्ही दोघं खाली मान घालून बसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

ह्या वेळचा आकडा रेषेच्या खूप खाली आला. यकृत बाकी निरोगी होतं, फक्त रिकामं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या मोजून दिल्या, ती बाटली बंद केली आणि जेवणात तेल, अंडं पिवळ्यासकट, दूध सायीसकट सुरू करायला सांगितलं. मामाने पहिल्या दिवशी तेलात परतलेली भाजी खाल्ली आणि डोळे मिटून घेतले. "तीन वर्षं," तो म्हणाला, "तीन वर्षं मी काय खात होतो?"

"गवत," मामी म्हणाली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याला दिवा न लावता चपला दिसल्या. सहाव्या दिवशी त्याने मला फोन करून सांगितलं, की एका गोळीने इतकं दिसतं तर तो आता रोज चार घेणार आहे. मी फोनवरच ओरडले. "खबरदार! पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. हे जात नाही. हे साठतं, साठतच राहतं, आणि मग त्याच यकृताला बाधतं, हाडांना बाधतं, डोकं उठतं. टाकी भरली तरी वरून ओतत राहशील, तर छत गळणारच." तो म्हणाला, "बरं, बरं." मी मामीला सांगून गोळ्या तिच्या कपाटात, कुलपात ठेवायला लावल्या. आमच्या बोक्याला एवढ्यातेवढ्यात समाधान नाही. एक तर काडीमोड, नाही तर चौपट.

सत्तावीस तारखेला पुन्हा ती खोली, पुन्हा तो मिणमिणता दिवा. दोन मिनिटं झाली असतील नसतील. मामा म्हणाला, "पाच रेघा. आणि डॉक्टरीणबाई, तुमच्या कोटाचं वरून तिसरं बटण तुटलंय." त्यांनी सर्टिफिकेटवर सही केली. ह्या वेळी त्या हसल्या.

मला वाटलं, आता हा उड्या मारत जिना उतरणार. तो जिन्यात बसला. सर्टिफिकेट गुडघ्यावर ठेवलं.

"सुईवाले," तो म्हणाला, "बाई पुढे नव्हत्या झाल्या."

मला आधी कळलंच नाही, कोण बाई.

"त्या मागेच होत्या. माझा हात धरून. त्यांनी मला काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, आणि मोजणी चुकली. मला वाटलं अजून सपाटच आहे. मी भरभर पुढे झालो आणि त्यांना ओढलं. मी ओढलं म्हणून त्या पडल्या. आणि मी मालकांना सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही."

मला संताप आला. वर्षभर लपवलं, ते एक वेळ समजू शकत होते. पण मोडलेलं मनगट त्या बाईंचं, आणि दोषही त्यांच्याच माथी? मी त्याला जिन्यातच वाट्टेल ते बोलले. येणारी-जाणारी माणसं बघत होती. मामा सर्टिफिकेटची घडी घालत होता आणि उलगडत होता. शेवटी म्हणाला, "हे सर्टिफिकेट दिलं की मी आत. खरं सांगितलं की मी बाहेर. महिनाभर ह्याच्यासाठी धडपडलो. आता हातात आलंय तर ते देववत नाही. चल, आधी बाईंकडे."

बाई दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहतात. हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. टेबलावर शाळकरी वही उघडी होती, तीत डाव्या हाताने काढलेली वेडीवाकडी अक्षरं. मामा उंबऱ्यातच उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. बसा म्हणायचीही वाट बघितली नाही.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

मामाने मान वर केली.

"माझा हात तुमच्या हातात होता. तुम्ही ओठातल्या ओठात आकडे म्हणत होता. सहा महिने झाले, दर शुक्रवारी म्हणता. चाळीस वर्षं मी पहिलीला शिकवलं, बोटं न वापरता मोजणारं मूल मला लगेच ओळखू येतं."

"मग तुम्ही मालकांना सांगितलं का नाही?"

"तुम्ही का नाही सांगितलं, तेच मी विचारणार होते."

मामाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्याला पित्ताच्या कळांनी तळमळताना बघितलं होतं, तेव्हाही तो रडला नव्हता. बाईंनी त्याला रडू दिलं. मग म्हणाल्या, "आता दिसतं ना? मग जा आणि सांगा. मी सांगितलं तर ती चहाडी. तुम्ही सांगितलं तर ते उत्तर."

"काढून टाकतील मला."

"टाकू देत. मग शुक्रवारी तिकीट काढून माझ्या शेजारी बसा. एकतीस वर्षांत एक तरी सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून पाहिलाय का तुम्ही?"

नव्हता पाहिला. कोणाच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. थिएटरात आयुष्य गेलं, पण त्याला प्रत्येक सिनेमाचे तुकडे तेवढे माहीत होते.

त्याच दुपारी त्याने मालकांसमोर सर्टिफिकेट ठेवलं आणि त्याच्या शेजारी खरं काय झालं तेही ठेवलं. मालकांनी सर्टिफिकेट दोनदा वाचलं. मग म्हणाले, "काका, डोळ्यांचं मी समजू शकतो. बाईंवर ढकललंत, त्याचं काय करू?" त्यांनी सर्टिफिकेट खणात ठेवलं. "घरी जा. मी विचार करून कळवतो. सध्या आत यायचं नाही."

शुक्रवारी मामाने तिकिटं काढली. आयुष्यात पहिल्यांदाच. कडेला बाई, मग तो, मग मामी, मग मी. दिवे गेले. मला पाच मिनिटं काही दिसेना. मामा मात्र भराभर मान वळवत होता, ह्या रांगेकडे, त्या रांगेकडे. "अगं, तोंडं दिसतात," तो मामीच्या कानात म्हणाला. "एवढी वर्षं मी लोकांचे पाय बघत होतो. तो बघ, तो चौथ्या रांगेतला, रडतोय." मामीने त्याला कोपराने ढोसलं, समोर बघा म्हणून. मग त्याने समोर बघितलं, आणि मध्यंतरापर्यंत हूं की चूं केलं नाही.

मध्यंतरानंतर, गोष्ट अगदी रंगात आलेली असताना, कोणीतरी पायऱ्या उतरून आलं आणि बाईंच्या खुर्चीपाशी उभं राहिलं. मालक होते. मागून कधीपासून बघत होते कोण जाणे. ते वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "काका, सोमवारपासून या. आत."

आम्ही तिघीही मामाकडे बघायला लागलो. महिनाभर ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते कानाशी आलं होतं. मामाने पडद्यावरची नजर हलवली नाही.

"मालक," तो म्हणाला, "आधी खाली बसून घ्या. मागच्यांना दिसत नाही."

मालक पायरीवर बसले.